आपलं कोणी नसलेली गावं

मैदानी सत्राचा तळ,
१० नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार पोचला असं समज, आणि आधी हसून घे, म्हणजे मला पुढचं लिहायला मोकळं.

इथं आमचे मोबाईल साधना मॅडमच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. ते असते तरी उपयोग नव्हता, या डोंगराखाली रेंज फक्त वानरांना मिळते. म्हणून पत्र. शाळेत पत्रलेखनाने मला नेहमी बुडवलं आहे, त्या बेताने वाच.

तू विचारलं होतंस की विद्यापीठात मी नक्की काय शिकतो, कोणी विचारलं तर सांगायला बरं. पदवीचं नाव 'मैदानी मनोरंजन आणि साहस नेतृत्व'. म्हणजे लोकांना डोंगरात, नदीवर, रानात न्यायचं, हरवू द्यायचं नाही, भांडू द्यायचं नाही आणि सगळ्यांना धडधाकट परत आणायचं. बापूंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "माणसं न्यायची अन् परत आणायची, ते तर मी रोजच करून राह्यलो. त्याला कॉलेज कशाला?" घनसावंगीच्या स्टँडवरून ते काळी-पिवळी जीप चालवतात, हे तुला सांगायला नको.

पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मी सांगून बसलो की आमचे पणजोबा मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचे. मॅडमचा चेहरा उजळला. "म्हणजे रान तुमच्या रक्तातच आहे," म्हणाल्या, आणि होकायंत्र माझ्या हातात देऊन सगळ्या गटाला तलावाकडे न्यायला सांगितलं. ते रक्त माझ्यापर्यंत जीपच्या पुढच्या सीटवरून आणि जालन्याच्या वसतिगृहातून आलंय हे सांगायची हिंमत झाली नाही. खूप चाललो. शेवटी झाडीतून एक इमारत दिसली. सगळे खूश, गाव आलं म्हणून. ती आमच्याच मेसची मागची बाजू होती. आचारी म्हणाला, "चहा टाकू का?" तेव्हापासून माझं नाव रक्त पडलंय. "रक्त, जरा मीठ दे."

आता खरी गोष्ट. जानेवारीअखेरपर्यंत प्रत्येकाला आपापल्या जिल्ह्यात दोन दिवसांची पायी मोहीम न्यायची आहे, माझी पाळी जानेवारीत. वर्गातलेच आठ जण सोबत, परीक्षक म्हणून साधना मॅडम. सामान पाठीवर, रांधायचं आपण, बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही. यात गेलो की वर्ष गेलं. आणि बापूंची अट तुला माहीतच आहे, तूच मध्यस्थी केली होतीस. एक वर्ष बघणार, नापास झालो तर जीपवर बसायचं.

मला जीपवर बसायचं नाही, आत्या. मला हे शिकायचं आहे. जमत नाही, पण शिकायचं आहे.

तुझा,
गोरक्ष


लिंबेवाडी,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. गोरक्षनाथ, डोंगर ओलांडून मेसचा शोध लावणारे, यांस तुझ्या आत्याचा आशीर्वाद.

पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. मी दिवसभर मोबाईलवर पोरांची वजनं भरून राह्यले, हाताने चार ओळी लिहायचं विसरून गेल्ते. तुझं पत्र वाचताना इतकी हसले की पोरं खिचडी सोडून माझ्याकडं बघायला लागली.

तुझ्या पदवीचं नाव मी दोनदा पाठ केलं अन् दोनदा विसरले. पण काळजी करू नको, तुझ्या बापाने त्यावर तोड काढली आहे. म्हस्कू गाडीत सगळ्यांना सांगतो, "पोरगा वनखात्याच्या लाईनीत आहे." त्याचा परिणाम असा झाला की परवा भोकरदनकडचे एक गृहस्थ मुलीचा बायोडाटा घेऊन आल्ते. साहेबांना क्वार्टर मिळेल का, विचारत होते. मी सांगितलं, साहेबांना अजून स्वतःचा तंबू उभा करता येत न्हाई. चहा पिऊन गेले.

म्हस्कूपुढं तुझा विषय काढला की तो गाडी पुसायला उठतो. त्याच्या मनात काय आहे ते मला, त्याच्या थोरल्या बहिणीला, कळत न्हाई. पण अट अट आहे, अन् ती मीच कबूल केलेली. तू नापास झालास तर त्याच्यापुढं बोलायला मला तोंड राहणार न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

एक गोष्ट मात्र मला पटली न्हाई. इतकी माणसं आपल्या शिवारातून दोन दिवस जाणार अन् कोणाच्या घरचा घास खाणार न्हाई? लोक काय म्हणतील? अन् मॅडमना तिखट चालतं का?

तुझी आत्या,
सुगंधा


मैदानी सत्राचा तळ,
१५ डिसेंबर २०२४

आत्या,

मॅडमना तिखट चालतं की नाही हा प्रश्नच परीक्षेत नाही. याचंच मला भ्या होतं.

माझ्या वर्गातल्या मुकुंदने मागच्या आठवड्यात त्याच्या जिल्ह्यात मोहीम नेली. सरळ पास. म्हणाला, दोन दिवसांत कोणी हाकसुद्धा मारली नाही. सुखी माणूस. आपल्याकडं कुठल्याही गावात शिरलं की पारावरचा माणूस विचारतो, "कोणाचा रं तू?" आणि दोन मिनिटांत आपण त्याचे भाचे निघतो. मग चहा, मग जेवण, मग "आज राहा, उद्या जा." जगात लोकांना निर्जन ठिकाणी वाट सापडत नाही. मला निर्जन ठिकाणच सापडत नाही.

म्हणून मी डोकं चालवलं, जे माझ्याकडून क्वचित होतं. गोदावरीच्या अंगाने अशी गावं निवडायची जिथं आपलं कोणी म्हणजे कोणी नाही. सोयरे नाहीत, दूरचे नाहीत, तुझ्या मैत्रिणीची नणंददेखील नाही. अशी गावं मला तूच सांगू शकतेस. तेवढं शोधून कळव. आणि कोणाला बोलू नको. बापूंना तर मुळीच नाही. त्यांना वाटेल, पोरगा आपल्याच तालुक्यातून चोरासारखा जायला शिकतोय.

इकडची प्रगती: तंबू आता उभा राहतो. त्यात मी शिरेपर्यंत राहतो.

गोरक्ष


लिंबेवाडी,
२ जानेवारी २०२५

चि. गोरक्ष यास, ज्याला स्वतःची माणसं नकोशी झाली आहेत त्यास, तरीही आशीर्वाद.

तू सांगितलेलं काम वाटलं त्याहून अवघड निघालं. एकेक गाव खोडत गेले. तीन उरली. बोरगव्हाण, खापरखेडी, सावरटाकळी. नदीच्या वरच्या अंगाला, एका ओळीत. तिथं आपल्या ओळखीचं काळं कुत्रंदेखील न्हाई. तिथून जा. मी माझ्या तोंडाने कोणत्याही सोयऱ्याला सांगितलेलं न्हाई, सांगणार न्हाई.

म्हस्कूचं लक्षण मात्र मला बरं दिसत न्हाई. हल्ली अंधार पडल्यावर घरी येतो. नदीकडच्या फेऱ्या वाढवल्यात म्हणे. गाडीच्या ड्रायव्हर सीटला नवं कव्हर शिवून घेतलं. मी विचारलं, कोणासाठी रे? तर म्हणतो, "बसणाऱ्यासाठी." तू समजून घे. तुझी जागा तयार होऊन राह्यली आहे.

म्हणून पोरा, पास हो. भाकरी पाठीवर वाहा, कच्ची खा, जळकी खा, पण पास हो.

तुझी आत्या


मैदानी सत्राचा तळ,
३० जानेवारी २०२५

आत्या,

नापास झालो. आधी ते लिहून टाकतो.

बोरगव्हाणच्या शिवेवर सकाळी एक माणूस दह्याचं मडकं घेऊन उभा. "या, या," म्हणाला. मी म्हटलं, "काका, आमची परीक्षा आहे, काही घेता येत नाही." तो म्हणाला, "घेऊ नका. मी आपला माझ्या कामाला चाललोय." आणि तो खापरखेडीच्या अर्ध्या वाटेपर्यंत मडकं डोक्यावर घेऊन आमच्या सोबत त्याच्या कामाला चालला. मॅडम वहीत लिहीत होत्या. मुकुंद कानात पुटपुटला, "रक्ता, तुझ्या जिल्ह्यात दही पायी चालतं."

खापरखेडीत तर रस्त्यावर रांगोळी. लिंबाखाली सतरंज्या, हुरडा भाजलेला, धपाटी, ठेचा, उसाचा रस. मी छातीवर दगड ठेवून भाषण केलं. स्वावलंबन, मोहिमेची शिस्त, जे जे वर्गात ऐकताना मला झोप आली होती ते सगळं. लोक शांतपणे ऐकत राहिले. मग धपाटी घेऊन उभी असलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाई का, बाबा?"

आत्या, या प्रश्नाचा अर्थ मुकुंदला कळला नाही. तो शहरातला. मला कळला, आणि तुलाही कळतोय. आपल्या आज्याला लोक ओसरीच्या खाली बसवून वरून पाणी ओतायचे, हे तूच मला सांगितलं आहेस. आता ती बाई मला विचारत होती की तू आम्हाला खाली बसवतोस का. मी पाठीवरची पिशवी उतरवली आणि खाली बसलो. पहिला घास मी घेतला. मग सगळ्यांनी.

इथपर्यंत मी थोर वाटत असेन, पण खोटं कशाला बोलू, हुरडा फार चांगला होता. दोनदा घेतला. मॅडमनी तिखट ठेच्यासकट तीन धपाटी खाल्ली, हात धुतले, म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि वहीत लिहिलं. जेवणानंतर गटातल्या कोणाला चालवेना, मुक्कामाची जागा सापडेना, शेवटी सावरटाकळीच्याच लोकांनी आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात नेऊन पुन्हा जेवू घातलं. निकाल सांगताना मॅडम म्हणाल्या, "तू बसलास ते माणूस म्हणून मला पटलं. पण स्वावलंबनाला मी शून्यच देणार." बरोबरच आहे.

प्रत्येक गावात मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? सगळ्यांचं एकच उत्तर, "निरोप आल्ता." ही तीन गावं जगात दोघांनाच माहीत होती. सोयऱ्यांना सांगितलं नसशील, पण तुझ्या अंगणवाडीच्या बाया प्रत्येक गावात आहेत. शब्द पाळलास आणि मला बुडवलंस. रागाने लिहीत नाही असं लिहिणार होतो, पण रागानेच लिहितोय.

मार्चमध्ये फेरपरीक्षा आहे. मी देणार नाही. बापूंना सांग, सीटचं कव्हर वाया जाणार नाही.

गोरक्ष


लिंबेवाडी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. गोरक्ष,

मी कोणालाच सांगितलं न्हाई. अंगणवाडीतल्या एका बाईलासुद्धा न्हाई. तुझं पत्र वाचून आधी मला राग आला, अन् मग एकदम ध्यानात आलं की मी एकाला विचारलं होतं.

नदीकाठच्या कोणत्या गावात आपलं कोणी न्हाई, हे मला कसं कळणार? मी आयुष्यभर आपल्या माणसांच्याच गावांना गेले. आपलं नसलेलं गाव ज्याला ठाऊक असा घरात एकच माणूस, जो रोज गाडी घेऊन फिरतो. डिसेंबरात मी म्हस्कूला सहज विचारलं, कशासाठी ते सांगितलं न्हाई, पण तुझी जानेवारीतली मोहीम त्याला ठाऊक होती. तो जेवत होता. मान वर न करता तीन नावं सांगून मोकळा झाला. मी तुला लिहून टाकली, अन् स्वतःला फार हुशार समजले.

परवा स्टँडवर गेले अन् त्याच्या गाडीत पुढं जाऊन बसले. म्हणलं, खरं सांग. बराच वेळ गिअरशी खेळत राह्यला. मंग म्हणाला, "आक्का, आपलं कोणी न्हाई अशा गावातून पोरगं जाणार. त्याला ठेच लागली, ऊन लागलं, तर पाणी कोण देणार? म्हणून म्हणलं, तिथं आपलं कोणीतरी असावं."

म्हणून त्यानं नदीकडच्या फेऱ्या धरल्या, गोरक्ष. गाडी रिकामी पळाली तरी तिकडंच. कोणाचं पोर दवाखान्यात नेलं, कोणाचं खताचं पोतं दारापर्यंत टाकलं, अन् प्रत्येकाला सांगितलं की जानेवारीत माझा पोरगा इकडून जाईल, नजर ठेवा, पण माझं नाव घेऊ नका, त्याला आवडत न्हाई. महिन्याभरात तीन गावं त्यानं सोयरी करून टाकली. तुझ्या पदवीचं नाव त्याला तोंडपाठ आहे. मला अजून येत न्हाई.

कव्हरचंही विचारलं. तो म्हणाला, जुनं फाटलं होतं.

आता पुढचं. हे सगळं ऐकल्यावर मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण तू नापास झाल्याचं त्याला सांगून बसले, अन् का तेही. तो खाली उतरला अन् चांगल्या टायरमध्ये हवा बघत बसला. मला फार वाईट वाटलं. तुझ्यासाठी वाटलं, त्याच्यासाठी त्याहून जास्त वाटलं.

फेरपरीक्षा द्यायची की न्हाई ते तू ठरव. मी आता कोणाच्या मध्ये पडत न्हाई. माझी मध्यस्थी कशी असते ते दोघांनी बघितलं.

तुझी आत्या


घनसावंगी स्टँड,
२० फेब्रुवारी २०२५

गोरक्ष,

मी बापू. पत्र लिहायची सवय न्हाई, समजून घे.

मला वाटलं परीक्षा म्हणजे तुला चालायचं आहे. खायचं न्हाई हे मला ठाऊक नव्हतं. पोरगं घरून जाताना आपण पोट भरलं का तेवढंच विचारतो. तेच केलं. तुझं वर्ष गेलं.

तुला मी गाडीवर बसवतो म्हणलो ते खरं, पण तू पास होऊन न्हाई म्हणाला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं. माझ्यामुळं नापास होऊन गाडीवर आला तर त्या गाडीत मी तुझ्या शेजारी कसा बसू?

परीक्षा पुन्हा दे. तीच गावं घे. दुसरी घेऊ नको, दुसऱ्या गावांचा मला भरवसा न्हाई. मी तिन्ही गावात जाऊन आलो. सगळ्यांना सांगितलं की या वेळेस कोणी काही द्यायचं न्हाई, कोणी हाक मारायची न्हाई, कोणी बघायचं पण न्हाई. लोकांना आधी राग आला. काय म्हणून, म्हणले. मी म्हणलं, माझी चूक झाली, ती निस्तरायला मदत करा. मंग कबूल झाले. खापरखेडीच्या म्हातारीला दोनदा सांगावं लागलं.

मी पण बघणार न्हाई. बिलकुल न्हाई.

म्हस्कू


मैदानी सत्राचा तळ,
१८ मार्च २०२५

बापू,

तुम्हाला माझं हे पहिलं पत्र. जे तुम्हाला दिसलं नाही ते सांगतो, कारण सांगितल्याप्रमाणे तुम्ही पाहिलं नाही.

बोरगव्हाणात आम्ही शिरलो आणि दारं लागत गेली. एकामागून एक, आमच्या पुढं पुढं. दह्यावाले काका घराच्या मागं उभे होते, त्यांचा पटका भिंतीवरून दिसत होता. पारावरची माणसं आम्हाला बघून उठली आणि देवळाकडं तोंड करून उभी राहिली. साधना मॅडम म्हणाल्या, "गेल्या वेळी हेच गाव होतं ना? यांना झालं काय?" मी म्हटलं, "मॅडम, आज त्यांची परीक्षा आहे."

खापरखेडीत लिंबाखाली ती म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसलेली. आम्ही जवळून गेलो तशी भिंतीला म्हणाली, "आम्ही कोणाला बोलवत न्हाई, बरं का." मुकुंदला हसू आवरेना. मला रडू. नेत्याने गटासमोर काय करावं याच्यावर आम्हाला एक धडा आहे, त्यात हे नाही, म्हणून बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. बांधलेलीच होती.

आम्ही नदीकाठी खिचडी केली. खाली करपली, वर कच्ची राहिली. सगळ्यांनी खाल्ली, कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही. वाटही एकदा चुकलो, उसाच्या फडात शिरलो. पण बाहेर काढलं मीच सगळ्यांना, नकाशा बघून, कोणाला न विचारता. विचारायला तरी कोण, सगळा तालुका पाठ करून उभा होता.

शेवटच्या वळणावर बाभळीखाली तुमची गाडी दिसली. तुम्ही बाहेर उभे होतात, हाताची घडी घालून, शेताकडं तोंड करून. शेतात काही नव्हतं. गहू निघून गेला होता. मुकुंद दमलेला, म्हणाला, "रक्ता, जीप रिकामी आहे, विचारू का?" मी म्हटलं, "नको. ते कामात आहेत."

मी तुमच्या अगदी मागून गेलो, बापू. हात लांब केला असता तर तुमच्या खांद्याला लागला असता. आमचे पाय वाजले तेव्हा तुमची मान जरा हलली. अर्ध्यावर तुम्ही ती धरून ठेवलीत. मला तिथं थांबून तुमच्या पाया पडायचं होतं. तसं केलं असतं तर पुन्हा नापास झालो असतो, आणि तुम्ही पुन्हा तीन गावं फिरला असता. म्हणून चालत राहिलो. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा ते जड गेलं.

पुढच्या वर्षी मला काय करायचंय ते तोंडाने सांगेन, रविवारी घरी येतोय. आत्याला म्हणावं, तिच्यावर घेतलेला आळ मी मागं घेतला, आणि पाया पडून माफी मागणार आहे.

आता वळा, बापू. पास झालो.

तुमचा,
गोरक्ष